गाडी कोण चालवत होतं?

"उतरा, अक्का! आधी खाली उतरा!"

दाक्षायणीचा एक पाय गाडीत होता आणि दुसरा अंगणातल्या फरशीवर. तान्ह्या मल्लूच्या जावळासाठी तयार केलेलं पूजेचं ताट तिच्या हातात होतं, आणि आत बसलेल्या शांभवीनं तिचा पदर धरून तिला जवळजवळ ओढलंच होतं... भावजयीचा तो धारदार स्वर कानी पडताच ताट कललं, त्यातलं हळदीकुंकू एकमेकांत मिसळलं, आणि तिनं निमूटपणे पाय मागे घेतला.

"आई, मी शिवूला मांडीवर घेते ना! मग आत्याला जागा होते की!" शांभवी कळवळून म्हणाली.

"तू गप्प बस. अक्का रिक्षानं येतील. सवय आहे त्यांना," भुवनेश्वरी म्हणाली.

स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेल्या भावानं, नंदीशनं, मागे वळून पाहिलं नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या अव्वांनी, दाक्षायणीच्या वृद्ध आई गौरम्मांनी, "शिवा शिवा" पुटपुटत डोळे मिटून घेतले. दार लागलं, गाडी फाटकातून बाहेर पडली, आणि मागच्या काचेतून हलणारा शांभवीचा उजवा हात तेवढा दाक्षायणीला दिसत राहिला... कोपरातून किंचित वाकलेला, कधीच पूर्ण सरळ न होणारा तो कोवळा हात! त्या हाताकडे पाहिलं की सात वर्षं झाली तरी तिच्या काळजात तीच कळ उठायची.

रिक्षा मिळाली. सिद्धेश्वराच्या देवळाकडे जाताना ती एका जागी स्थिर बसू शकत नव्हती. कधी पदर सावरी, कधी ताट या मांडीवरून त्या मांडीवर ठेवी, कधी रिक्षावाल्याला उगाच म्हणे, "जरा लवकर घ्या हो." पण लवकर पोचून तरी तिला काय करायचं होतं? दूर उभं राहूनच तर बघायचं होतं! सात वर्षं ती या घरात अशीच होती, कुठेही न टेकलेली. स्वयंपाकघरात भुवनेश्वरी आली की ती अंगणात जाई, अंगणात मुलं आली की गच्चीवर, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा काहीतरी निमित्त काढून लॅबमध्ये. पंचेचाळिसाव्या वर्षी, जन्मभर राबून उभ्या केलेल्या घरात, आपण कुणाच्या वाटेत येऊ नये एवढंच आता तिचं मागणं उरलं होतं.

आणि हे घर खरोखर तिनंच उभं केलं होतं. अप्पा गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि नंदीश चौदाचा. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये तिला नोकरी लागली, आलेली स्थळं एकेक करून परत गेली, आणि भावाचं शिक्षण, सात रस्त्याजवळचं त्याचं विजेच्या सामानाचं दुकान, त्याचं लग्न, हे सगळं होता होता तिचं स्वतःचं आयुष्य कधी मागे पडलं ते तिलाही कळलं नाही. नंदीशच्या लग्नाच्या वर्षीच ती छोटी एसयूव्ही घरात आली. ती दाक्षायणीनंच निवडली होती. मोटार बसकी असली की अव्वांचे गुडघे दुखतात, आणि पावसाळ्यात शेताकडच्या रस्त्यावर खालून घासते, म्हणून ही जरा उंच, आटोपशीर गाडी! पाच माणसांची. तेव्हा घरात माणसं होती चारच. एक जागा रिकामी राहायची आणि तिथं पाण्याची बाटली नि शेंगाचटणी-भाकरीचा डबा ऐटीत बसायचा.

गाडी आधी दाक्षायणीच शिकली, नंदीश नंतर. नव्या सुनेला माहेरी न्यायला-आणायला अक्का, शांभवीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात पोचवायला अक्का. त्या दिवशी मागच्या सीटवर विव्हळणारी भुवनेश्वरी म्हणाली होती, "अक्का, तुम्ही गाडी चालवत असलात की मला भीती वाटत नाही..."

भीती! भुवनेश्वरीच्या जिवाला लागलेली ती एक जुनी जखम होती. तिचा धाकटा भाऊ शिवानंद रस्त्याकडेला उभा असताना एका टेम्पोखाली गेला होता, आणि टेम्पोवाला फोनवर बोलत होता. लग्न ठरताना तिनं नंदीशकडे ना दागिना मागितला ना साडी. "गाडी चालवताना फोनला हात लावणार नाही, एवढी शपथ घ्या," म्हणाली होती. त्यानं अव्वांसमोर, अक्कासमोर ती घेतली होती.

आणि सात वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी, अक्कलकोटहून परतताना, त्यानं ती मोडली.

भुवनेश्वरीला तेव्हा आठवा महिना होता, रक्तदाब वाढलेला, म्हणून ती अव्वांसोबत घरीच होती. मागच्या सीटवर दाक्षायणी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली पाच वर्षांची शांभवी. दुकानातून फोन आला. "नंदू, नको... बाजूला थांबव," दाक्षायणी म्हणेपर्यंत त्यानं तो उचलला होता. समोर अचानक म्हैस आली, गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि बाभळीवर आदळली... शांभवीची ती किंकाळी!

दवाखान्याच्या व्हरांड्यात नंदीशनं बहिणीचे पाय धरले होते. कपाळाला ओले टाके असलेली दाक्षायणी भिंतीला टेकून उभी होती.

"अक्का, तिला कळलं तर ती मरेल गं! पोटातल्या जिवाचं काय होईल? मी चालवत होतो असं सांगू नकोस... बाळंतपण झालं की मी स्वतः सांगतो. एक महिना! अप्पांची शपथ!"

चौदा वर्षांचा तो पोरका पोर तिला पुन्हा दिसला. आणि भुवनेश्वरी धावत, पोट सावरत व्हरांड्यात आली तेव्हा दाक्षायणीच पुढे झाली आणि म्हणाली, "भुवना, माझी चूक झाली. गाडी मी चालवत होते. डोळा लागला..."

तो एक महिना कधी संपलाच नाही. शिवू जन्मला, मग शांभवीच्या हाताची दुसरी शस्त्रक्रिया झाली, मग दुकान वाढलं, मग मल्लू पोटात राहिला... दर वेळी नंदीश म्हणे, "आत्ता नको, अक्का." पुढे पुढे तर तो तेही म्हणेनासा झाला. दिवाळीला बहिणीसाठी भारीतली इरकल आणायचा, आणि ती हातात देताना तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळायचा. दाक्षायणीनं त्या दिवसानंतर गाडीच्या किल्लीला हात लावला नाही. भुवनेश्वरीनं लावू दिला नाही. तिच्या मुलांसोबत अक्कानं गाडीत बसायचंसुद्धा नाही, हा तिचा हट्ट होता. वाढत्या कुटुंबानं त्या हट्टावर पांघरूण घातलं. पुढे दोघं, मागे भुवनेश्वरी आणि मुलं... लोकांना सांगायला बरं होतं, "काय करणार, पाचच जागा आहेत!"

तेरा वर्षांत गाडी म्हातारी झाली होती. क्लचप्लेट दोनदा बदलून झाली, सोलापूरच्या उन्हानं डॅशबोर्ड तडकला, सीटवर तीन मुलांच्या दुधाचे डाग एकावर एक पडले. दिवाळीपूर्वी सात जणांची मोठी गाडी घ्यायची असं ठरलं होतं. सात जागा! दाक्षायणीनं मनातल्या मनात मोजून पाहिलं होतं. अव्वा, नंदीश, भुवनेश्वरी, तीन मुलं... आणि एक. पण त्या एका जागेवरही आपल्याला कुणी बसवणार नाही, आणि या वेळी तर सांगायला कारणही उरणार नाही, हे उमगलं तेव्हा ती हादरली. म्हणूनच तिनं वेळापूरच्या एका डॉक्टरांना होकार कळवला होता. त्यांच्या नव्या लॅबमध्ये गुरुवारपासून रुजू व्हायचं होतं. खोलीत पलंगाखाली अर्धी भरलेली बॅग होती. घरात अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

जावळ झालं. दुपारची जेवणं होतात न होतात तोच गौस मिस्त्री दारात आला. तेरा वर्षं या गाडीची नाडी त्याच्याच हातात होती. त्याच्यासोबत उजनीकाठच्या गावचे केळीबागायतदार होते, महिपती नाव. ते जुनी गाडी बघायला आले होते.

महिपतींनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चारी दारं उघडून लावून पाहिली, बॉनेटखाली डोकं घातलं. "गाडी चांगली ठेवलीया की! पण हितं पुढं रंग येगळा वाटतुया. कुटं धडकली हुती का?"

नंदीश घुटमळला. "हो, म्हणजे... जुनी गोष्ट आहे. किरकोळ."

"किरकोळ?" ओट्यावर मल्लूला घेऊन उभी असलेली भुवनेश्वरी एकदम उसळली. "माझ्या लेकीचा हात आयुष्यभरासाठी गेला, आणि किरकोळ? खरं सांगा ना त्यांना! लपवायचं कशाला? आमच्या अक्का चालवत होत्या. भर दुपारी डोळा लागला त्यांचा! मांडीवर खेळवलेल्या पोरीपेक्षा झोप प्यारी झाली!"

पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलेली दाक्षायणी उंबऱ्यातच थिजली. परक्या माणसांसमोर! गौससमोर! लाज, अपमान, वेदना यांनी तिचं मन क्षणभर पार बधिर झालं... मग ती पुढे आली, महिपतींच्या हातात तांब्या दिला आणि शांतपणे म्हणाली, "खरं आहे. माझीच चूक होती ती."

"नाही!"

शांभवी ओसरीच्या पायरीवर उभी होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आई, तू रोज आत्याला बोलतेस. सकाळी पण बोललीस. पण... पण आत्या कशी चालवेल? माझं डोकं तिच्या मांडीवर होतं!"

भुवनेश्वरीनं मल्लूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"ती माझ्या केसांतून हात फिरवत होती," शांभवी रडत रडत सांगू लागली, "तिच्या साडीला लॅबच्या औषधाचा वास येत होता. मला आठवतंय! सगळे म्हणायचे आत्याच चालवत होती, म्हणून मला वाटायचं, मलाच चुकीचं आठवतंय... मी स्वप्न पाहिलं असेल... पण मी खूप वेळा आठवून बघितलंय आई, दर वेळी तेच आठवतं!"

"शांभवी, आत जा बाळा," दाक्षायणी घाईघाईनं म्हणाली. "लहान होतीस तू. काहीतरीच..."

पण भुवनेश्वरी आता तिच्याकडे पाहत नव्हती. तिचे डोळे नवऱ्यावर खिळले होते. गाडीत त्या दिवशी तिघंच होते. मागे दोघी असतील, तर पुढे... तिच्या ओठांवरचा रंग उडाला.

"अहो," ती इतक्या हळू म्हणाली की ते ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं, "गाडी कोण चालवत होतं?"

नंदीशनं बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत अजूनही तीच याचना होती, व्हरांड्यातली. आणि दाक्षायणीचे ओठ पुन्हा एकदा खोटं बोलायला उघडलेही... पण तिच्या कपाळावरच्या त्या पुसट व्रणावर त्याची दृष्टी पडली, आणि सदतीस वर्षांचा तो माणूस गाडीच्या चाकाशेजारी मटकन खाली बसला.

"मी," तो म्हणाला. "मी चालवत होतो, भुवना. फोन आला होता दुकानातून. अक्का 'थांबव' म्हणाली होती... मी उचलला."

"आमी येतो मागनं," महिपती कसंबसं पुटपुटले आणि फाटकाकडे वळले. गौस मिस्त्री मात्र जाता जाता दाक्षायणीपाशी थांबला. खाली मान घालून म्हणाला, "ताई, मेरेकु उसी दिन समझा था. गाडी टोचन करून, ओढत माझ्याकडे आली ना, तवा सीट पूर्ण मागं होती, नंदीशभाईच्या पायाला. तुमचे पाय क्लचला पोचलेच नसते. पर घर की बात थी... मी कोण बोलणार?"

तो गेला. अंगणात फक्त अव्वांचं हुंदके देणं ऐकू येत होतं. म्हाताऱ्या गौरम्मांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्या कानडीतून तिला मायेनं हाका मारत राहिल्या, "यव्वा... यव्वा..."

दाक्षायणीला वाटलं, आता भुवनेश्वरी धावत येईल, गळ्यात पडेल. नाही म्हटलं तरी सात वर्षं तिनं मनाच्या एका कोपऱ्यात या क्षणाचं स्वप्न जपलं होतं. पण भुवनेश्वरी समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांत आग होती.

"आणि तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही कोण ठरवणाऱ्या, मला काय झेपेल नि काय नाही ते? नवऱ्यानं शपथ मोडली, हे मी सोसलं असतं की नसतं, ते माझं मी बघितलं असतं! तुम्ही दोघा भावंडांनी मिळून मला आंधळं केलंत. सात वर्षं मी एका निरपराध बाईचा द्वेष केला, अक्का! रोज तुमच्या ताटात वाढताना मनात शिव्या दिल्या! त्याचं पाप कुणाच्या माथी? तुम्ही थोर झालात... आणि मी? मला काय करून ठेवलंत तुम्ही?"

इतक्या वर्षांत हा विचार दाक्षायणीच्या मनाला कधी शिवलाच नव्हता! आपण सोसतोय, आपण जळतोय, एवढंच तिला ठाऊक होतं. त्या जळण्यात एक गूढ समाधानही होतं, हे आज प्रथमच तिच्या ध्यानात आलं. शेजारच्या खोलीत एक तरुण बाई द्वेषानं रोज थोडी थोडी जळत होती, आणि विझवायचं पाणी आपल्याच हातात होतं... एक वाक्य! एक खरं वाक्य!

"भुवना, माझी चूक झाली," ती म्हणाली. सात वर्षांपूर्वी हेच शब्द तिनं खोटे उच्चारले होते. आज ते खरे होते.

मल्लूला घेऊन भुवनेश्वरी आत गेली आणि दार लावून घेतलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. दाक्षायणी रात्रंदिवस तळमळत होती. अंथरुणावर पडलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठे जावं सुचेना. नंदीशला भुवनेश्वरीनं एकच सांगितलं होतं, "ज्याला ज्याला मी अक्कांचं नाव सांगितलं, त्या प्रत्येकाला तुम्ही स्वतः खरं सांगायचं." आणि तो सांगत होता. माहेरच्यांना, मामांना, शेजारच्या काकूंना, दुकानातल्या माणसांना... फोन उचलून, कधी घरी जाऊन, "गाडी मी चालवत होतो. अक्का नव्हती." दर वेळी त्याचा आवाज फाटायचा, पण दर वेळी मान थोडी वर यायची. बुधवारी सकाळी तो बहिणीच्या खोलीच्या दारात आला आणि कित्येक वर्षांनी त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"अक्का, क्षमा मागायची पण माझी लायकी नाही..."

"मागू नकोस," ती म्हणाली आणि लहानपणी करायची तशी त्याच्या केसांवरून तिनं हात फिरवला. "फक्त पुन्हा कुणाला माझ्या आड लपू देणार नाही मी. तुलासुद्धा नाही."

संध्याकाळी ती बॅग भरत होती. दार ढकलून भुवनेश्वरी आत आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. पलंगावरच्या घड्या घातलेल्या साड्या पाहून ती जागीच थबकली.

"कुठे निघालात?"

"वेळापूरला. नोकरी मिळाली आहे. उद्यापासून."

"हे कधी ठरवलंत?"

"महिना झाला."

"पुन्हा न सांगता? पुन्हा आमच्या सगळ्यांच्या वतीनं तुम्हीच ठरवलंत?" भुवनेश्वरीचा आवाज चढला आणि मध्येच तुटला. ती खाली बसली, दाक्षायणीच्या गुडघ्यांवर तिनं कपाळ टेकवलं, आणि इतके दिवस अडलेला बांध एकदम फुटला. "मला तुमच्या पाया पडायचंय, आणि तुमच्याशी भांडायचंय पण... दोन्ही करायचंय, अक्का! तुम्ही गेलात तर मी कुणाशी भांडू? एवढ्या वर्षांचं राहिलंय सगळं!"

दाक्षायणीच्या डोळ्यांतून घळघळा अश्रू वाहू लागले. तिनं भावजयीला उठवून छातीशी धरलं. बाहेरच्या खोलीत शिवू नि शांभवी कशावरून तरी भांडत होते, मल्लू रडत होता, अव्वा त्याला कानडी पाळणा म्हणत होत्या, आणि त्या सगळ्या गलबल्यात या दोघी कितीतरी वेळ नुसत्या रडत राहिल्या.

मग दाक्षायणीनं वेळापूरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि येत नसल्याचं कळवून क्षमा मागितली.

दिवाळीच्या आधी सात जागांची गाडी आली. पण जुनी विकायची नाही, असं भुवनेश्वरीनं साऱ्यांना बजावलं. का, ते मात्र तिनं फक्त दाक्षायणीला सांगितलं, तेही स्वतःचं शिकाऊ लायसन्स हातात पडल्यावर.

एका रविवारी सकाळी दोघी विजापूर रस्त्याच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर आल्या. स्टिअरिंगवरचे भुवनेश्वरीचे हात घामानं ओले झाले होते.

"अक्का, माझ्या हातून कुणाला काही झालं तर?"

"समोर कुणीही नाही. नीट बघ. आणि मी आहे."

क्लच एकदम सुटला, गाडीनं गचका दिला आणि बंद पडली. भुवनेश्वरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मला शिवानंद दिसतो," ती म्हणाली. दाक्षायणीनं तिला समजावलं नाही, घाई केली नाही, तिच्या जागी बसायला उठलीसुद्धा नाही... ती फक्त वाट पाहत बसून राहिली. बऱ्याच वेळानं भुवनेश्वरीनं पदरानं डोळे पुसले आणि स्वतःच किल्ली फिरवली.

गाडी हलली. दहा पावलं गेली... पन्नास गेली... लिंबाच्या झाडाखालून शांभवी आणि शिवू ओरडत उड्या मारू लागले. वारा खिडकीतून आत शिरला आणि भुवनेश्वरी रडता रडताच हसू लागली.

"अक्का! अहो अक्का, आता थांबवायची कशी?"

"ब्रेक तिथंच आहे तुझ्या पायाशी," दाक्षायणी म्हणाली, आणि सीटवर पाठ टेकून तिनं निवांत श्वास घेतला. "पण एवढी घाई कसली? मैदान अजून पुष्कळ आहे."